धाकटीचं तळं

माझ्या धाकट्या बहिणीला सगळं जग मॅडम म्हणतं. मी धाकटी म्हणते, आणि डोकं फिरलं की संचालकबाई. नैसर्गिक संपदा आणि उद्याने विभागाची ती प्रादेशिक संचालक आहे. ऐकायला केवढं भारदस्त! शेजारणीला वाटतं, ही बाई दिवसभर हिरवळीवर बसून फुलं हुंगत असेल. फुलं कसली डोंबलाची! सकाळी तोंड धुवायच्या आत फोन सुरू. अमक्या बागेतला झोपाळा तुटला, तमक्या रस्त्यावरचं वठलेलं झाड कुणाच्या मोटारीवर पडलं, नदीतली वाळू कुणीतरी उपसून नेली, उद्यानातल्या संडासाला पाणी नाही. जंगलं, टेकड्या, तळी, खाणी, बागा, सगळं हिच्या डोक्यावर, आणि हाताखाली हवीत त्याच्या निम्मी माणसं, त्यातली निम्मी रजेवर.

मी शाळेचे गणवेश शिवते. घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन, कापडाचे तागे आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या बायका. आई गेली तेव्हा धाकटी एवढीशी होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे पाढे मी घेतले, तिला ताप आला की उशाशी मी बसले. पुढे तिने लग्न केलं नाही आणि माझं टिकलं नाही, म्हणून आता दोघी एका छताखाली एकमेकींच्या डोक्यावर मिरी वाटत राहतो. हे सांगून ठेवते अशासाठी की मी तिचीच बाजू घेऊन बोलणार. ज्याला निःपक्षपाती हकीकत हवी असेल त्याने तिच्या कचेरीत जावं.

गावाबाहेर एक तळं होतं. उथळ, मधोमध उभं राहिलं तर छातीला पाणी लागायचं. पण पक्षी किती यायचे! थंडी पडायला लागली की बदकं, बगळे, करकोचे आणि ज्यांची नावं मला आजही धड येत नाहीत असे शेकडो. आणि त्या पक्ष्यांच्या मधोमध गवळ्यांच्या म्हशी डुंबत बसलेल्या. नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर. आमच्याकडे दूध घालणारे गवळीमामा, त्यांच्याही म्हशी त्यातच. धाकटी संचालक होऊन आपल्या गावात आली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, "ताई, बाकी काही जमो न जमो, हे तळं मी हातचं जाऊ देणार नाही." तळ्याच्या अलीकडेपर्यंत तेव्हाच घरं आली होती. मोठ्या रस्त्याला लागून जागा, गोदामवाल्यांचे डोळे तिच्यावर कधीचे लागलेले.

तर झालं असं. एका सकाळी ती तळ्यावर पाहणीला गेली आणि दुपारी घरी आली ती रडवेली होऊन. काठाच्या गवतात करकोच्याचं घरटं होतं, तिने ते आठवडाभर दुर्बिणीतून पाहिलेलं. तिच्या डोळ्यांदेखत एक म्हैस आली आणि घरट्यावरून सरळ चालत गेली. अंडी चिरडली. मादी ओरडत वर घिरट्या घालत होती म्हणे. मी म्हटलं, "अगं, म्हैस ती, तिला काय कळतंय?" तर माझ्यावरच खेकसली, "तिला कळत नाही म्हणूनच माणसांनी कळून घ्यायचं असतं!" मग काय, बाई पेटल्या. पक्षिमित्र मंडळाची माणसं तर टपूनच होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कचेरीतला उपसंचालक, ज्याला सगळे मागून होयबा म्हणतात, त्याने दोन दिवसांत मसुदा टेबलावर आणून ठेवला. तळ्यात जनावरं घालायला बंदी झाली आणि तळ्याला चारही बाजूंनी तारेचं कुंपण पडलं.

गवळीमामा आमच्या दारात येऊन उभे राहिले. दुधाची किटली हातात, चेहरा उतरलेला. धाकटीला म्हणाले, "मॅडम, म्हशी न्यायच्या कुठे?" तिने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, नकाशा पसरून टेकडीपलीकडचं कुरण दाखवलं. कुरण होतं, नाही असं नाही. पण तिथे पाणी नव्हतं. म्हैस पाण्याशिवाय राहील का हो? मामांनी वर्षभर रेटलं, मग एकेक करून म्हशी विकल्या. आमच्याकडे पिशवीतलं दूध यायला लागलं. त्याच्या चहाला रंग येईना, चव येईना, आणि मी रोज सकाळी कप आपटून धाकटीसमोर ठेवायची. ती गप्प पिऊन टाकायची.

मामांसाठी तिने एक केलं. खात्यात खटपट करून त्यांना तळ्यावर रखवालदार म्हणून चिकटवलं. खाकी गणवेश मीच शिवून दिला, बाह्या जरा लांब झाल्या. काम काय, तर तळ्यात कुणाची जनावरं शिरू द्यायची नाहीत. गवळ्यालाच म्हशी हाकलायला बसवलं! पण मामा इमानी माणूस. पगार घेतो ना, मग काम चोख. कुंपणाजवळ कुणाचं वासरू दिसलं तरी काठी घेऊन धावायचे.

पहिली दोन वर्षं धाकटी हवेत होती. घरटी वाढली, वरून शाबासकी आली, बंदीचा तोच मसुदा प्रांतातल्या सगळ्या तळ्यांना एकामागून एक लागू करायचं ठरलं. "सरसकट," असं होयबा छाती फुगवून सांगायचा. मग हळूहळू काठचं पाणकणीस आत सरकायला लागलं. पुरुषभर उंचीचं ते गवत, दाट, आत हात घातला तरी दिसू नये असं. ते कुजायचं, तळाशी बसायचं, गाळ वर यायचा आणि त्या गाळात आणखी पाणकणीस. धाकटीने यंत्रं लावून कापून घेतलं. कापलं की दुप्पट जोराने फुटायचं. औषध मारायचं म्हणावं तर पाण्यातलं सगळंच मरणार. तिने माणसं लावली, शाळेची मुलं बोलावली, एकदा स्वतः गुडघाभर चिखलात उतरून दिवसभर उपटत राहिली आणि आठ दिवस कंबर धरून फिरली. बदकं यायची कमी झाली. करकोचे तर यायचेच बंद झाले. आणि एवढ्या सगळ्यात एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की हे असं का होतंय. विद्यापीठातले आले, मोजमापं घेतली, सांडपाण्याला दोष देऊन गेले. मामांना तरी कुठे माहीत होतं? ते म्हणायचे, "दिवस फिरलेत, मॅडम."

मग वर्गवारीचं वर्ष आलं. म्हणजे असं की काही वर्षांनी सरकार सगळ्या जमिनी पुन्हा तपासतं, हे जंगल, हे कुरण, हे तळं असं ठरवतं. तळं म्हणायचं तर उघडं पाणी दिसायला हवं, असा नियम. दिसलं नाही तर ती पडीक जमीन, आणि पडीक जमीन कुणालाही देता येते. गोदामवाल्यांनी अर्ज आधीच करून ठेवला होता. धाकटीची झोप उडाली. जेवताना घास हातात धरून कुठेतरी बघत बसायची. मी ओरडायची, "गिळ आधी, मग तळं वाचव!"

आणि तेव्हाच एका दुपारी ती तळ्याला फेरी मारायला गेली. मागच्या बाजूला, ओढा येऊन मिळतो तिथे, कुंपणाची तार तुटलेली होती. आणि तेवढ्याच जागेत, आपल्या अंगणाएवढ्या जागेत, पाणी उघडं होतं. स्वच्छ, हलतं पाणी, त्यात बदकांची जोडी. ती बघतच राहिली. मामांना हाक मारली. मामा धावत आले आणि वरमून म्हणाले, "चुकलं, मॅडम. पलीकडच्या वस्तीतल्या दोन म्हशी तारेतून शिरतात. मी हाकलतो, पण डोळा चुकवून येतात. पाणकणीस खातात आणि लोळत बसतात. उद्या तार जोडून घेतो." धाकटी गाडीत बसून सरळ घरी आली, माझ्या मशीनपाशी ताग्यांवर बसली आणि म्हणाली, "ताई, म्हशी ते खात होत्या. म्हशी होत्या म्हणून पाणी होतं. तळं मीच मारलं."

मी शिवायचं थांबवलं. "उगाच काहीतरी," असं म्हणाले. पण मलाही आतून कळलं की हे खरं आहे. ती रडली नाही. तशीच बसून राहिली, गणवेशाची एक शिवलेली बाही हातात घेऊन उलटी-सुलटी करत.

दुसऱ्या दिवशी ती मामांकडे गेली. मीही गेले, कारण एकटीने तोंड दाखवायची तिची हिंमत होत नव्हती. हे ती कधी कबूल करणार नाही, मी सांगते. मामांच्या रिकाम्या गोठ्यात आता त्यांच्या सुनेने सामान भरलं होतं. धाकटीने उभ्या उभ्याच सांगितलं, "मामा, बंदी चुकीची होती. म्हशी परत आणायच्या आहेत. तुम्ही आणता का?"

"म्हशी काय खुर्च्या आहेत का, मॅडम, इथून उचलून तिथे मांडायला?" मामा म्हणाले. रागाने नव्हे, समजावून सांगितल्यासारखं. "माझ्या म्हशींची चौथी पिढी त्या पाण्यात वाढली होती. रेडकू आईच्या मागून पाण्यात उतरायला शिकतं. त्या आता कुठे असतील, असतील तरी का, देव जाणे. बाकीच्या गवळ्यांनीही विकल्या. पोरं कारखान्यात लागली." मग म्हणाले, "आधी कळलं असतं तर."

"मलाही," धाकटी म्हणाली.

पण हार मानेल ती धाकटी कसली! तिने सरकारी दुग्धशाळेच्या प्रमुखाच्या नाकात दम आणला आणि पंधरा म्हशी उसन्या मागितल्या. दुग्धशाळेची माणसं हसत होती. होयबाने विचारलं, "मॅडम, बंदी आपलीच, ती मोडायची कुणाच्या हुकमाने?" ती म्हणाली, "माझ्या. लिहून ठेव आणि हवं तर वर कळव." त्याने कळवलं. तो कळवणारच.

त्या म्हशी ट्रकमधून आल्या तो दिवस मी विसरणार नाही. आम्ही सगळे काठावर, अर्धं गाव बघायला. मामांनी खाकीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. म्हशी उतरल्या, तुकतुकीत, धुतलेल्या, कानात बिल्ले. आणि काठावर येऊन ओळीने उभ्या राहिल्या. बस्स! गोठ्यात जन्मल्या, गोठ्यात वाढल्या, गव्हाणीत पडेल ते खाल्लं. पाणकणीस हुंगलं आणि तोंड फिरवलं. पाणी पाहिलं आणि बुजल्या. मामांनी जुन्या हाका मारून पाहिल्या, जीभ टाळ्याला लावून ते एक चुचकारणं असतं ना, तेही केलं, स्वतः कमरेएवढ्या गाळात उतरून दाखवलं. एक म्हैस कशीबशी चार पावलं गेली ती गाळात रुतली आणि असा काही हंबरडा फोडला की लहान मुलं घाबरून रडायला लागली. दोर लावून तिला ओढून काढली. बाकीच्या चारा मिळायची वेळ झाली तशा ट्रककडे तोंड करून उभ्या. बघे लोक हसत होते. मलाही एका क्षणी हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग मी धाकटीकडे पाहिलं आणि माझं हसू मावळलं.

महिनाभर ती धडपडत राहिली. पलीकडच्या वस्तीतल्या त्या दोन चोरट्या म्हशींच्या मालकाला शोधून काढलं, तर तो खात्याच्या माणसाला पाहून घाबरला आणि दंडाच्या भीतीने दोन्ही विकून मोकळा झाला होता. मी म्हटलं, "नशीबच खोटं आपलं." ती म्हणाली, "नशिबाचा काय संबंध? शिक्षा मीच ठेवली, तिलाच लोक घाबरले." तिच्यातला हा एक गुण मला कधी आवडला नाही, स्वतःला पळवाट म्हणून ठेवतच नाही.

वर्गवारीची जाहीर सुनावणी नगरसभागृहात झाली. लाकडी खुर्च्या, डोक्यावर करकरणारे पंखे, समोर व्यासपीठावर समितीचे पाच जण आणि प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. गोदामवाल्यांचा वकील सुरेख बोलला. पक्षिमित्रांनी भाषण केलं, टाळ्याही मिळाल्या, पण हल्ली पक्षी कुठे दिसतात असं विचारल्यावर त्यांची दातखिळी बसली. मग धाकटी उठली. तिच्या खात्याचं ठरलेलं म्हणणं होयबाने टंकून दिलं होतं, सांडपाणी, कमी पाऊस, वगैरे. तिने ते बाजूला ठेवलं. आदल्या दिवशी मला सांगितलं होतं, "मी खरं सांगणार. तळ्याला रोग नाही, माझ्या हुकमाने ते बंद झालंय हे कळलं तर ते उघडता येईल हेही त्यांना कळेल." मला पटलं होतं. खरं बोललं की माणसं ऐकतात, असं मला अजून वाटायचं तेव्हा.

तिने सगळं सांगितलं. घरट्यापासून ते तुटलेल्या तारेपर्यंत. "चूक माझी आहे," असं भर सभेत म्हणाली. माझ्या शेजारी मामा बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मला तिचा इतका अभिमान वाटला की माझे डोळे भरून आले.

अध्यक्ष सज्जन दिसत होते. चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, आपल्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे. फक्त एक स्पष्ट करा. संचालक या नात्याने आपण सांगताय की तिथे आज उघडं पाणी नाही?"

"मी सांगतेय की ते उघडता येईल."

"किती काळ लागेल?"

"सात-आठ वर्षं. आणि पाण्याला सरावलेल्या म्हशी."

"तशा म्हशी आहेत?"

"आज नाहीत."

मागून कुणीतरी खिदळलं. अध्यक्षांनी त्याला दटावलं आणि पुन्हा तिच्याकडे वळले. "उघडता येईल हे आपलं मत झालं. उघडं पाणी नाही, ही मात्र वस्तुस्थिती. हो ना?"

ती म्हणाली, "हो."

तेवढा 'हो' त्यांना हवा होता. इतर कुणी काय बोललं याला मग काही अर्थच उरला नाही. खुद्द खात्याची प्रमुख म्हणते तळं नाही, मग आणखी पुरावा कशाला? गोदामवाल्यांचा वकील बाहेर पडताना तिला वाकून "आभारी आहे, मॅडम" म्हणाला. थट्टेने नाही हो, मनापासून! मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

तळं पडीक ठरून त्यात मुरूम टाकायला सुरुवात झाली तेव्हा आम्ही बघायला गेलो नाही. मामा सांगायचे. त्यांची नोकरी गेली नाही, गोदामवाल्यांना रखवालदार हवाच होता. आणि धाकटीचंही काही झालं नाही, हेच मला जास्त लागलं. निलंबित केलं असतं, बदली केली असती, कुणी दोन शिव्या घातल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं. उलट मंत्री कुठल्याशा भाषणात म्हणाले, चूक कबूल करणारे अधिकारी आपल्याकडे आहेत याचा अभिमान वाटतो. तिने सगळ्या तळ्यांवरची बंदी उठवावी म्हणून वर लिहिलं, पुन्हा लिहिलं, स्वतः जाऊन बसली. उत्तर एकच. एका तळ्यावरून सरसकट नियम मागे घेता येत नाही, अभ्यास समिती नेमू, तोवर आहे तो नियम पाळावा. आणि वर मखलाशी, "मसुदा तर आपलाच आहे, मॅडम."

समिती अजून नेमायची आहे.

मधल्या काळात धाकटी पार मिटली. कचेरीत जायची, सह्या करायची, झोपाळे दुरुस्त करून घ्यायची. रक्तदाब वाढला. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की बाईंना एकटं दौऱ्यावर पाठवू नका. म्हणून तर यंदा त्या डोंगराकडच्या तळ्यावर मी सोबत गेले. तिथे बंदीची पाळी आली होती. मी तिला हात जोडून सांगितलं होतं, "राजीनामा दे. दोघींपुरतं माझं मशीन चालतंय." ती म्हणाली, "मी गेले की होयबा खुर्चीत बसेल. कुंपण तर पडेलच. फक्त त्या माणसांना कुणी येऊन सांगणारही नाही."

तळं मोठं होतं, आमच्या तळ्याच्या तिप्पट. लख्ख पाणी. म्हशींच्या पाठीवर बगळे बसलेले, आणि काठाच्या गवतात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, करकोच्यांची घरटी. अलीकडे रस्त्यावर लोखंडी खांब आणि तारेची वेटोळी उतरवून ठेवलेली. मला वाटलं आता ही काहीतरी करील. ओरडेल, खांब परत पाठवील, निदान माझ्याशी भांडेल. ती फक्त म्हणाली, "किती छान ठेवलंय यांनी." आणि चालायला लागली.

काठावर एक म्हातारी बाई बसली होती, शेजारी सून. म्हशी त्यांच्याच. धाकटी तिच्यासमोर खाली मातीत बसली आणि नियम सांगितला. सावकाश, सोप्या शब्दांत, कुठेही न लपवता. उद्यापासून जनावरं आत घालता येणार नाहीत. का, तर पक्ष्यांची घरटी तुडवली जातात.

म्हातारीने ऐकून घेतलं. भांडली नाही, रडली नाही. उलट मान डोलावून म्हणाली, "खरं आहे, बाई. आमची ती काळी फार धसमुसळी आहे, परवाच एक घरटं मोडलं तिने. मलाही वाईट वाटलं." मग पाण्याकडे बघत विचारलं, "पिल्लं उडून गेली की आणू ना परत?"

धाकटीच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी मनात म्हणत होते, सांग तिला, नाही म्हणून सांग, निदान योग्य वेळी विकून तरी टाकतील. माझ्या धाकटीने आयुष्यात कुणाला खोटा दिलासा दिलेला मी पाहिला नव्हता, त्या सभागृहातही नाही.

"आणा," ती म्हणाली. "तोवर विकू नका हं. सांभाळून ठेवा."

म्हातारीचा चेहरा खुलला. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि सुनेकडे वळून म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होतीस. बाई स्वतः सांगतायत, थोड्याच दिवसांचं आहे."